गोळी सुरू होण्याआधी

५ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू हल्ली बरं आहे, ठेवते, एवढं म्हणून पळतेस. म्हणून कागद घेतला. कागद मध्येच ठेवता येत नाही, शेवटपर्यंत वाचावा लागतो.

आधी माझी खुशाली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तुझी बहीण पुन्हा बाकावर बसली आहे. सोमवार ते शुक्रवार इस्पितळातली नेहमीची औषध-खिडकी, शनिवार-रविवार क्लिनिकल फार्मसीचा वर्ग. पदव्युत्तर शिक्षण म्हटलं की रुबाबदार वाटतं, पण अर्धवेळ म्हणजे दोन्ही वेळ पूर्ण आणि झोप अर्धी, असा त्याचा अर्थ निघाला. वर्गात चौदा जण आहेत आणि मी सगळ्यांची आजी शोभते. पहिल्या दिवशी एक मुलगी मला बाई समजून उठून उभी राहिली. मीही तिला बस म्हणाले.

खऱ्या बाई मात्र वेगळ्याच आहेत. आवाज असा, की बंद पडलेलं सलाईन पुन्हा ठिबकायला लागावं. सतरा वर्षं मी खिडकीतून चिठ्ठी घेतली, गोळ्या मोजल्या, पुडी दिली. माणूस मला छातीपासून हनुवटीपर्यंतच दिसायचा. आता वॉर्डात जाऊन अख्खा माणूस बघायचा असतो. बाई सांगतात, डॉक्टर दुखणं विचारतात, तुम्ही औषधं विचारा. कोणती, केव्हापासून, आणि कशाच्या आधी काय होतं. तारीख चुकली की निदान चुकलं.

आता तुझं सांग. हात मोडल्याचं मला पंधरा दिवसांनी कळवलंस, तेही हसत. न्हाणीघरात पाय घसरून असा हात मोडतो? भावोजी शिडीवरून पडल्यापासून तू त्यांच्याच मागे असशील. त्यांना पुन्हा फिट आली का?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ठमू


१२ जानेवारी

चि. ठमूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, मुंग्यांची मिरवणूक निघाल्यासारखं. परीक्षेत तपासणाऱ्याची कीव येते.

हे आता बरे आहेत. ऑक्टोबरात कारखान्यातल्या शिडीवरून डोक्यावर पडले, मग दोन फिट आल्या, ते तुला माहीतच आहे. गोळ्या चालू झाल्यापासून एकही फिट नाही. लेथवर पुन्हा उभे राहतात. भागीदार समजूतदार आहे, जड काम तो स्वतः करतो.

माझा डावा हात मोडला, उजवा शाबूत आहे, म्हणून तर लिहिते आहे. प्लास्टरच्या आत खाज सुटते तेव्हा विणायची सुई घालते. तू आता रागावशील, रागाव.

बाकी घरात थोडं नवंजुनं केलं. काचेच्या कपबशा काढून स्टीलच्या आणल्या. मधल्या खोलीच्या दाराची चौकट सुतार येऊन बसवून गेला. शेजारीण हल्ली येत नाही, तिला कामं असतील. यंत्रावर आयुष्य काढलेला माणूस घरात असला की थोडी आदळआपट होतेच, त्याचं काही नाही.

तू मन लावून शीक. आपल्या घरात एवढं कोणी शिकलं नाही. पत्र दुपारच्या टपालानं येईल असं बघ, तेव्हा मी एकटी असते.

तब्येतीला जप, आणि बहिणीला विसरू नकोस.

तुझी
ताई


२० जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सुजलेल्या तोंडानं लिहिते आहे. काळजी करू नकोस, समोरचा एक दात गेला आणि वरच्या ओठाला पाच टाके पडले.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही वॉर्डात होतो. खाट नऊवर एक चित्रकलेचे मास्तर आहेत, साठीचे, काडीसारखे. शनिवारी त्यांनी माझ्या वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक चिमणी काढून दिली होती. रविवारी नर्स त्यांना उशी नीट करून देत होती. काय झालं कळलं नाही, मास्तरांनी तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. आवाज अजून कानात आहे. मी धावले, तर त्यांनी सलाईनचा दांडा उचलून आडवा फिरवला. माझ्या तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा एकदमच आले. दोन वॉर्डबॉय त्यांच्या अंगावर बसले तरी ते चावत होते. अर्ध्या तासानं लहान मुलासारखे रडायला लागले आणि सगळ्यांना विचारत सुटले, की हे कोणी केलं.

नर्सच्या डोळ्यावरची खोक शिवणं चालू असतानाच बाईंनी मास्तरांची फाइल मागवली. मी तोंडावर बर्फ धरून वाचून दाखवली. फिटची गोळी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली, चार दिवसांपूर्वी दुप्पट केलेली. ही गोळी लघवीतून बाहेर पडते आणि मास्तरांची मूत्रपिंडं कमजोर आहेत. म्हणजे गोळी आत साठत गेली. बहुतेकांना ती चांगली मानवते. पण काहींच्या डोक्यात तिच्यामुळे असा अंगार पेटतो, की माणूस माणसात राहत नाही.

ताई, मी चूळ भरत होते आणि मला तुझ्या स्टीलच्या कपबशा आठवल्या. मग चौकट आठवली. शेजारीण आठवली.

भावोजी कोणती गोळी घेतात? रिकाम्या पाकिटावरचं नाव जसंच्या तसं लिही. कधी सुरू झाली, कधी वाढवली, रक्ताचे जुने अहवाल असतील तर त्यातले आकडे. आणि तुझा हात कसा मोडला ते लिही. खरं लिही.

वाट बघते आहे.

तुझी
ठमू


२८ जानेवारी

चि. ठमूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा दात गेल्याचं वाचलं. आधी वाटलं, हिला काही सांगू नये, मी काय तुझ्या अभ्यासाची फाइल आहे का? मग वाटलं, तुझ्या तोंडावर मार बसलाच आहे, आता झाकून काय उपयोग.

पाकिटावरचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. २ नोव्हेंबरला सुरू झाली, पाचशेची, सकाळ-संध्याकाळ. ५ डिसेंबरला हजारची केली. पाठदुखीसाठी हे किती वर्षं दुकानातून गोळ्या आणून खातात, त्याची गणती नाही. गेल्या वर्षी लघवीच्या तक्रारीत रक्त तपासलं होतं, तो कागदही पाठवते.

आता तारखा. तुला तारखा हव्यात ना.

१२ नोव्हेंबर. जेवताना ताट भिंतीवर मारलं. मीठ जास्त होतं म्हणाले. मीठ मी घातलंच नव्हतं, डॉक्टरांनी बंद केलं आहे.

३० नोव्हेंबर. शेजारणीचा नवरा पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला आला, तर त्याला जिन्यावरून लोटलं. चार पायऱ्या गडगडला. तो तक्रार करायला निघाला होता, मी पाय धरले.

११ डिसेंबर. मी आतून कडी लावली म्हणून घणानं दार फोडलं. चौकटीसकट.

१९ डिसेंबर. मी कपडे वाळत घालत होते. दोरी नीट ताणली नाही म्हणाले. माझा हात पिळून पाठीमागे नेला आणि खिडकीच्या चौकटीवर गुडघ्यानं दाबला. हाड मोडताना ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज येतो. मग स्वतःच मला इस्पितळात घेऊन गेले, आणि पाय घसरल्याचं डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं. मी मान डोलावली.

तू विचारशील, याआधी कधी? तर नाही. गोळीच्या आधी त्यांनी कधी हात उचलला नाही. तू स्वतः बघितलं आहेस, तुझी किती थट्टा करायचे. तुला मेहुणीबाई म्हणून किती मान द्यायचे.

यावर उपाय असेल तर लवकर कळव.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद मिळाले. बाईंसमोर बसून हिशेब केला. वय बावन्न, वजन साठ किलो, आणि रक्तात तो आकडा. भावोजींची मूत्रपिंडं एक-तृतीयांशच काम करतात. त्यांना या गोळीचा जेवढा डोस झेपतो, त्याहून जास्त त्यांना रोज मिळतो आहे. तुझ्या तारखा मी रेघ ओढून मांडल्या. गोळी, मग ताट. डोस दुप्पट, सहाव्या दिवशी दार. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, की ही बाई कोण आहे, हिच्यासारखा औषधांचा इतिहास माझे विद्यार्थी लिहीत नाहीत.

नीट वाच. गोळी एकदम बंद करायची नाही, फिट उलटून येतील आणि जिवावर बेततील. सोबतचं पत्र त्यांच्या डॉक्टरांना दे. त्यात बाईंची सही आहे. ही गोळी हळूहळू उतरवायची आणि दुसरी हळूहळू चढवायची. तोवर तू त्या घरात राहू नकोस. माझ्याकडे ये. माझ्या खोलीत पुस्तकं सरकवली की एक गादी मावते.

लवकर ये, म्हणजे भांडायला तरी कोणी मिळेल.

तुझी
ठमू


११ फेब्रुवारी

चि. ठमूस,

आशीर्वाद मागाहून लिहीन.

तुझं पत्र घेऊन ५ तारखेला यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अर्धंच वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाले, फिट थांबल्या आहेत ना, मग गोळी काम करते आहे. औषधाच्या दुकानातल्या बाईनं डोस शिकवायची गरज नाही. हे बाहेर आल्यावर हसले. मला म्हणाले, बहिणीला सांग, आधी स्वतःचा दात बसवून घे.

९ तारखेला दुपारी मी डबा घेऊन कारखान्यात गेले. भागीदार लेथवर वाकलेला होता. त्यानं मान वर न करता एवढंच विचारलं, की कालचं माप कोणी चुकवलं. यांनी भिंतीवरचा मोठा पाना काढला. मला वाटलं, कामाला घेतला. पहिला घाव कानशिलावर बसला. तो यंत्रावर कोसळला, तर त्याला कॉलर धरून उलटा केला आणि तोंडावर दुसरा, तिसरा. जबडा एका बाजूला लटकला ग ठमू. मी एका हातानं यांचा सदरा ओढत होते. मला लाथ मारून पत्र्याच्या ढिगावर पाडलं आणि पुन्हा त्याच्याकडे वळले. लेथ चालूच होता. शेजारच्या गॅरेजमधले पाच जण आले तेव्हा कुठे पाना हातातून सुटला.

भागीदार जगला आहे. डावा डोळा गेला. जबड्यात तारा घातल्या आहेत. त्याची बायको माझ्याकडे बघतसुद्धा नाही, आणि का बघावं?

पोलिसांनी यांना नेलं, तिथे ते पहाऱ्यातल्या शिपायालाही चावले. तू ये. मला काही सुचत नाही.

ताई


२० मार्च

चि. मेहुणीबाईंस,
अनेक शुभाशीर्वाद.

तुमच्या या गुन्हेगार भावोजीचा नमस्कार गोड मानून घ्या, म्हणजे वयानं मी मोठा, तरी मीच नमस्कार करतो, इतका मी तुमच्या उपकारांत बुडालो आहे.

तुम्ही फेब्रुवारीत धावत आलात, मोठ्या इस्पितळात माझी गोळी बदलून घेतलीत, पंधरा दिवस खाटेशेजारी वही घेऊन बसलात. मला ते सगळं धुक्यासारखं आठवतं. पण गेल्या महिन्याभरात मी पुन्हा मी झालो आहे. जामीन झाल्यापासून थोरल्या भावाकडे आहे. सकाळी फिरायला जातो. कोणी मोठ्यानं बोललं तरी राग येत नाही. काल वहिनींच्या हातून माझ्या पायावर चहा सांडला, तर मीच त्यांची समजूत घातली!

भागीदाराला भेटून आलो. त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. तो बोलू शकत नाही, पाटीवर लिहिलं, की तू नव्हतास तो.

तर विनंती अशी. १० एप्रिलला सुनावणी आहे. वकील म्हणतात, तुमच्या आणि बाईंच्या अहवालावर सगळी भिस्त आहे, आणि त्यातलं एक वाक्य सोन्याचं आहे, की गोळीपूर्वी या माणसाच्या हिंसक वागणुकीचा कोणताही इतिहास नाही. न्यायाधीशांनी विचारलं तर तेवढं ठासून सांगा. तीस वर्षांचा संसार आहे, तुमच्या ताईला विचारा. सुनावणी झाली की मी घरी जाईन. ती आताशा फोन उचलत नाही. तिला जरा समजावा. माणसानं कुठवर धरून ठेवायचं? मार तर गोळीनं दिला.

तुमचा दात बसवलात का? हसताना तेवढं झाकत जा, मेहुणीबाई!

लोभ आजवर केलात तसाच पुढेही करा.

आपला
भावोजी


२८ मार्च

चि. ठमूस,
अनेक आशीर्वाद.

त्याचं पत्र तू मला जसंच्या तसं पाठवलंस, ते बरं केलंस. मी चार दिवस ते उशाखाली ठेवलं होतं. आता लिहिते.

मी तुला खोटं सांगितलं. तू विचारायच्या आधीच सांगितलं, म्हणजे बघ किती तयारी होती.

लग्नानंतर सातव्या महिन्यात त्यानं मला पहिल्यांदा मारलं. भुवईवरची खूण कपाटाच्या दाराची आहे असं मी आईला सांगितलं होतं, तुलाही. ती त्याच्या कमरपट्ट्याच्या बकलाची आहे. माझी करंगळी वाकडी आहे, तू लहानपणी तिला आकडा म्हणायचीस आणि त्यात पिशवी अडकवायचीस. नाही, लहानपणी नाही, तेव्हा तू बारावीत होतीस, सुटीला आली होतीस. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यानं ती दारात चिरडली होती. मला दिवस गेले होते, पाचवा महिना होता, तेव्हा पोटात लाथ मारली. तुम्हाला सगळ्यांना सांगितलं, की टिकलं नाही.

रोज नव्हतं. वर्षातून दोनदा, तीनदा. मधले महिने तो एवढा चांगला वागायचा, की मीच विसरायचे. तू यायचीस तेव्हा तर घरात नुसता हशा.

गोळीनं त्याचं वाढलं, हे खरं आहे. बाहेरच्या माणसावर त्यानं कधी हात टाकला नव्हता. शेजारी, भागीदार, ते गोळीचं. पण माझ्या अंगावरचं सगळं मी गोळीच्या खात्यात टाकलं, कारण तुझं पत्र आलं तेव्हा मला किती हलकं वाटलं ते तुला कळणार नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मला सांगितलं, की याला कारण आहे, आणि ते कारण एका पाकिटावर छापलेलं आहे. मला ते हवं होतं ग. गोळी बदलली की माझा नवरा मला मिळणार होता, जो कधी नव्हताच.

आता तो शांत आहे, तसाच, जसा तो प्रत्येक वेळी मधल्या महिन्यांत असायचा. सगळे म्हणतात, त्याला घरात घे. भागीदाराच्या बायकोनंसुद्धा निरोप पाठवला. मला भीती याची वाटते, की तुझ्या अहवालानं त्याची तीस वर्षं धुतली जातील, आणि ती मीच तुझ्या हातून धुवून घेतली.

तुझ्या परीक्षेत ही केस आहे, मला माहीत आहे. तुझं नुकसान होईल. तरी लिहिते.

रागावू नकोस असं म्हणत नाही. रागाव, पण दार उघडं ठेव.

तुझी
ताई


६ एप्रिल

श्री. भावोजी यांस,
स. न. वि. वि.

आपलं २० मार्चचं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला, कारण आधी अहवाल दुरुस्त करायचा होता. दुरुस्त प्रत आपल्या वकिलांना आणि कोर्टाला काल पोचती केली. एक प्रत सोबत आहे.

फार बदल नाही. मूत्रपिंडांचा हिशेब तोच, डोसची चूक तीच, आणि ९ फेब्रुवारीच्या हल्ल्यात गोळीचा मोठा वाटा आहे हे माझं मतही तेच. ते मी न्यायाधीशांसमोर सांगेन. आपल्याला त्याचा जो न्याय्य फायदा मिळायचा तो मिळो. फक्त आपण ज्याला सोन्याचं म्हणालात, ते वाक्य काढलं आहे. त्याच्या जागी आता दीड पान आहे. ताईनं सांगितलं, मी लिहिलं, तिनं वाचून सही केली. तेवीस नोंदी आहेत. काही तारखा तिला नेमक्या आठवल्या नाहीत, तिथे ऋतू लिहिला आहे. आपल्याला आठवत असतील तर वकिलांमार्फत कळवा.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी परीक्षेतून केस काढून घेतली आणि माझं सादरीकरण सहा महिने पुढे ढकललं. मी इतिहास घेताना आधीच्या काळाबद्दल विचारलंच नाही, मला हवं होतं ते उत्तर न विचारताच पत्रातून आल्यावर थांबले, असं त्या म्हणाल्या. खरं आहे. मला आपण आवडायचात. मार खाल्लेल्या बाईला तिच्या घरातच पत्र पाठवून विचारलं, आणि तिथेच उत्तर लिहायला लावलं. ही चूक माझी आहे, आणि मी ती वर्गासमोर उभी राहून सांगितली.

ताई माझ्याकडे आहे. ३१ मार्चला मी स्वतः जाऊन तिला आणलं. पुस्तकं सरकवून गादी टाकली आहे. पहिले तीन दिवस ती रात्री जागी व्हायची आणि मी खोलीत चालले तरी दचकायची. काल तिनं माझ्या अक्षरावरून मला पोटभर बोलून घेतलं. ती आपल्या घरी परत येणार नाही. हे मी समजावून सांगितलेलं नाही, तिनं मला सांगितलं, आणि कोर्टात सांगायलाही ती येणार आहे. तिला फोन करू नये, पत्र लिहू नये, थोरल्या भावांमार्फत निरोप पाठवू नये. असं काही आलं, तर ते मी चोविसावी नोंद म्हणून जोडेन.

आता औषधाचं. नवी गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ, जेवणानंतर. एकही चुकवू नका. चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. पाठदुखीसाठी दुकानातून काहीही आणू नका, आपली मूत्रपिंडं ते सोसणार नाहीत. महिन्यानं रक्त तपासून घ्या आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. कोर्टातून पुढे जिथे ठेवतील, तिथल्या डॉक्टरांसाठी औषधांचा पूर्ण तक्ता वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. तो सांभाळून ठेवा.

कळावे. लोभाचं मी काही लिहीत नाही.

ताईची बहीण